घरी बनवलेलं धनुष्य: रिकर्व्हची टोकं मोठी केली तर बाणाचा वेग वाढतो की घटतो?

माळावरचा
नमस्कार मंडळी. गेल्या दिवाळीपासून धनुष्य बनवायचा नाद लागलाय. आधी पीव्हीसी पाइपवर हात साफ केला, मग एक सरळ बांबूचं केलं, आता तिसरं झालंय, रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं, आणि त्याच्यावरच हा प्रश्न अडलाय.

धनुष्य असं आहे: बांबूच्या दोन पट्ट्या एकमेकींवर चिकटवलेल्या, मुठीला सागवान. दोन्ही टोकांना पुढच्या बाजूला वळलेले, न वाकणारे लाकडी तुकडे जोडलेत. प्रत्येक तुकडा २० सेंमी लांब, २ सेंमी रुंद. लाकूड आजीच्या जुन्या पलंगाच्या शिसवी पायाचं (आजी हयात नाही, नाहीतर मी नसतो). २८ इंच ओढल्यावर लगेजचा काटा ४० पौंड दाखवतो.

मंगोल घोडेस्वारांच्या धनुष्यांची चित्रं पाहून टोकं मुद्दाम मोठी ठेवली. माझा समज असा की टोक मोठं म्हणजे तरफ मोठी, तरफ मोठी म्हणजे वेग जास्त. पण २६ ग्रॅमचा बाण सेकंदाला १५३ फूटच जातोय आणि सोडल्यावर मुठीत असा हादरा बसतो की कोपरापर्यंत मुंग्या येतात. ४५ ग्रॅमचा जड बाण १३० फूट जातो. टोकं आणखी मोठी करू, लहान करू, की आहे त्यात समाधान मानू?

अर्धवटराव
आजीचा पलंग मोडून धनुष्य! शिवधनुष्य मोडणारे ऐकले होते, हे उलटंच.

निवांत_वाचक
वाचतोय. विषयातलं ओ की ठो कळत नाही, पण खुर्ची घेऊन बसलोय.

सुतारपक्षी
माळावरचा, टोकाचं वजन किती? लांबी-रुंदी सांगितलीत, वजन नाही सांगितलंत. खरा प्रश्न तिथे आहे.

माळावरचा
सोनाराचा छोटा काटा आहे, त्याच्यावर चिकटवायच्या आधी तोलली होती. प्रत्येकी ४५ ग्रॅम.

सुतारपक्षी
४५! अहो, बाण २६ ग्रॅमचा आणि त्याला ढकलायला टोकांवर ९० ग्रॅम शिसव. बैलापेक्षा जू जड झालंय.

तुम्ही 'टोकाचा आकार' म्हणून एकाच पिशवीत दोन गोष्टी भरल्यात. लांबी वेगळी, वजन वेगळं. लांब, न वाकणारं टोक फायद्याचं असतं. सुरुवातीला दोरी त्या वळणाच्या पोटावर टेकून असते, त्यामुळे धनुष्य आखूड असल्यासारखं वागतं आणि पहिल्याच काही इंचांत ओढ भराभर चढते. पुढे दोरी वळणावरून सुटते, टोक तरफेसारखं काम करू लागतं आणि शेवटच्या इंचांना धनुष्य एकदम दगड होत नाही. मध्ये ओढ भरगच्च, शेवटी मऊ. म्हणजे त्याच ४० पौंडांत जास्त ताकद साठते. इथपर्यंत तुमची तरफ बरोबर आहे.

पण दोरी सोडल्यावर बाणाच्या आधी ते टोक पळवावं लागतं. धनुष्यात सगळ्यात जास्त अंतर कापतं ते टोकच. मुठीजवळ ५० ग्रॅम लाकूड जास्त ठेवलंत तरी बाणाला पत्ता लागत नाही. टोकाशी मात्र ५ ग्रॅमसुद्धा बोलतात. तुमच्या मुंग्या म्हणजे बाणाला न मिळालेली ताकद आहे, ती तुमच्या कोपराला मिळाली.

बांबूवाला
थोडी असहमती. मी चार वर्षं बांबूचीच करतोय. मोठ्या टोकांना उगाच बदनाम करू नका. चीनमधल्या मांचू धनुष्यांची टोकं हातभर लांब असायची, वर दोरी टेकायला छोटी घोडीसुद्धा. मूर्ख होते का ते?

पश्चिमरंग
मूर्ख नव्हते, त्यांचा बाण वेगळा होता. मी इकडे अमेरिकेत पारंपरिक धनुष्यांच्या एका क्लबात जातो (ओहायो, थंडीत सगळं गॅरेजमध्ये). मांचू धनुष्याचा बाण लांब आणि जडजूड. एवढा जड बाण असला की टोकाचं वजन त्याच्यापुढे किरकोळ ठरतं, आणि लांब टोकामुळे साठलेली जास्तीची ताकद पदरात पडते. याच्या अगदी उलट टोकाला उस्मानी तुर्क. त्यांना लांब पल्ल्याचा नाद. धनुष्य आखूड, टोकं छोटी आणि निमुळती, बाण काडीसारखा. १७९० च्या दशकात लंडनमध्ये तुर्की वकिलातीतल्या एका चिटणीसाने ४८२ यार्ड, म्हणजे सुमारे ४४० मीटर बाण टाकला होता. इंग्रज बघत राहिले.

दोघांचंही मूळ एकच, शिंग, लाकूड आणि जनावराच्या कंडरांचं (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरांचं) आशियाई धनुष्य. एकाने टोक वाढवलं, दुसऱ्याने छाटलं. आपला बाण कुठला ते आधी ठरवायचं.

बांबूवाला
हे पटलं. पण २६ ग्रॅमलाही मोठं टोक तोट्याचंच, असं थोडंच आहे? तुर्कांनी टोक छाटलं म्हणून सगळ्यांनी छाटायचं का?

शेवटचा_बाक
टोकाच्या भूमिका घेऊ नका हो कोणी.

अर्धवटराव
वरच्या प्रतिसादाला टोकदार दंडवत.

सातारी_कंदी
आमच्या साताऱ्याकडची पोरं जगात नाव काढतायत, त्यांना विचारा की. अदिती स्वामी २०२३ ला बर्लिनला १७ व्या वर्षी जगज्जेती झाली, नागपूरचा ओजस देवतळेही त्याच स्पर्धेत. त्यांच्या रिकर्व्हची टोकं बघा आणि तशीच करा. विषय संपला.

पश्चिमरंग
अभिमान शंभर टक्के, पण ते दोघे कंपाउंडवाले. त्या धनुष्याला चाकं असतात, आपलं टोकाचं गणित तिथे लागत नाही. रिकर्व्ह म्हणाल तर फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव, टोकियो ऑलिंपिकला होता. टोकियोला रिकर्व्हच होता, ७० मीटरवर. त्यांच्या धनुष्याची टोकं नीट बघा: अरुंद, पातळ, कार्बन आणि फोमची. वळणाचा भागही थोडा वाकतो, काठीसारखा ताठ नसतो. ते शिसवीत उतरवायला गेलात तर पहिल्या ओढीला फुटेल.

सातारी_कंदी
चूक कबूल. कंदी पेढे माझ्याकडून.

अपूर्णांक
मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. धनुष्य कधी हातात धरलेलं नाही, पण धागा सोडवेना. एक विचारायचंय: माळावरचा, वेग मोजलात कसा?

माळावरचा
ताई, यंत्र महाग आहे म्हणून फोनवर. १५ मीटरवर पोत्यात चिंध्या ठासून निशाण केलंय. फोन बरोबर मधोमध, साडेसात मीटरवर ठेवून रेकॉर्डिंग लावतो. दोरीचा टण् आणि पोत्याचा धप्, दोन्ही आवाज फोनपर्यंत यायला सारखाच वेळ घेतात, म्हणून आवाजाच्या वेगाचा हिशेब करावा लागत नाही. मग लॅपटॉपवर त्या दोन उंचवट्यांमधला वेळ मोजायचा. दहा बाणांची सरासरी.

अपूर्णांक
फोन मधोमध ठेवायची युक्ती फार आवडली, वर्गात वापरणार आहे. पण १५ मीटर कुठपासून कुठपर्यंत?

माळावरचा
धनुष्याच्या मुठीपासून पोत्यापर्यंत. टेपने.

अपूर्णांक
मग गडबड आहे. दोरी टण् करते तेव्हा बाणाचं शेपूट दोरीवर असतं, टोक नाही. बाण किती लांब आणि दोरी मुठीपासून किती मागे?

माळावरचा
बाण ७६ सेंमी, दोरी १८ सेंमी मागे. अरेच्चा.

अपूर्णांक
म्हणजे त्या क्षणी बाणाचं टोक मुठीच्या ५८ सेंमी पुढे पोचलेलं असतं. त्याला १५ नाही, १४.४२ मीटरच जायचं असतं. तुमचे सगळे आकडे सुमारे ४ टक्क्यांनी फुगलेत. १५३ चे १४७ आणि १३० चे १२५ धरा. तुलनेत फरक पडत नाही, चूक सगळीकडे सारखीच आहे.

अर्धवटराव
माळावरचा गेले ४ टक्के खाली. शेअर बाजार बरा.

माळावरचा
खरं सांगतो, हे १४७ वाचून जरा उदास झालो. त्या पाइपच्या धनुष्याच्या वेळी मित्राला '१५० च्या वर जातं' म्हणून सांगितलं होतं.

अपूर्णांक
उदास होऊ नका, तुमच्याच आकड्यांतून एक छान गोष्ट निघतेय. क्लॉपस्टेग नावाच्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने मांडलेली कल्पना आहे. धनुष्याला लागणारी सगळी गळती (टोकं, धनुष्याचे हात म्हणजे मुठीच्या दोन्हीकडचे वाकणारे भाग, दोरी, सगळ्यांची हालचाल) एका काल्पनिक वजनात बसवायची आणि ते वजन जणू बाणालाच चिकटलंय असं समजायचं. त्याला आभासी वस्तुमान म्हणू. गंमत अशी की एका धनुष्यासाठी बाण हलका असो की जड, हे वजन जवळपास तेच राहतं.

म्हणजे दोन बाण सोडले की दोन समीकरणं, अज्ञात दोन. २६ ग्रॅमला १४७ फूट (४४.८ मीटर) आणि ४५ ग्रॅमला १२५ फूट (३८.१ मीटर). सोडवलं तर आभासी वस्तुमान येतं सुमारे २४ ग्रॅम आणि कामाला आलेली ऊर्जा सुमारे ५० जूल.

म्हणजे तुम्ही २६ ग्रॅमचा बाण सोडता तेव्हा धनुष्य खरं तर ५० ग्रॅम ढकलतं. जवळजवळ अर्धी ताकद बाणाला, अर्धी स्वतःला. ४५ च्या बाणाला तीच वाटणी ६५-३५ होते. पश्चिमरंग म्हणतात ते मांचू आणि तुर्क इथेच बसतात.

निवांत_वाचक
दहावीत असं कोणी शिकवलं असतं तर मी आज कारकून नसतो.

बांबूवाला
ताई, मान गये. पण ते २४ ग्रॅम टोकामुळेच आहेत हे कशावरून? दोरी आहे, हात आहेत, बांबू जाड असेल.

अपूर्णांक
बरोबर शंका. दोरीचा साधारण एक तृतीयांश भाग धरतात. टोकाचा वाटा किती हे मोजूनच कळेल.

सुतारपक्षी
मोजायचंय ना? मग लगेच करवत काढू नका. कापलेलं परत चिकटत नाही. आधी वजन वाढवून बघा. सोल्डरची तार प्रत्येक टोकाला १० ग्रॅम गुंडाळा, वर घट्ट चिकटपट्टी. बाण सोडा, मोजा. मग तीच तार हाताच्या मध्यावर बांधा, पुन्हा मोजा. डोळ्यांना गॉगल लावा, तार सुटली तर गोफणीतला दगड होईल. आणि कोणी कौतुकाने 'बघू' म्हणून रिकामी दोरी ओढून सोडू देऊ नका. बाण नसताना सगळी ताकद लाकडात जाते. माझं एक असंच पाहुण्याने संपवलं.

तीरकामठा_नंदुरबार
मी भिल्ल आहे, अक्कलकुव्याकडचा. तुमची सगळी चर्चा वाचली, मजा आली. आमच्या आजोबांच्या कामठ्याला वळण-बिळण काही नाही. बांबूची एक फाक, टोकाकडे निमुळती, संपलं. दोरीसुद्धा बांबूचीच. बांबूच्या सालीची लांब चिप काढायची, दोन्ही टोकांना सुतळीची फासकी. ती ताणली जात नाही, पावसाने ढिली पडत नाही.

आजोबा टोकाच्या बाबतीत एकच करायचे. कामठा होत आला की टोकाकडून पुन्हा पुन्हा तासायचे. मी म्हणायचो तुटेल, ते म्हणायचे टोकाला काम नसतं. तेव्हा कळलं नव्हतं.

सुतारपक्षी
भाऊ, 'टोकाला काम नसतं' हे अगदी शास्त्रशुद्ध आहे. ताण मुठीकडे वाढत जातो, टोकाशी जवळपास शून्य. म्हणून सरळ धनुष्याचं टोक करंगळीएवढं केलं तरी चालतं.

रिकर्व्हच्या ताठ टोकाला मात्र थोडं काम असतं. ते वाकता कामा नये आणि आडवं पिळता कामा नये. इथे एक युक्ती: ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो आणि रुंदीने फक्त सरळ पटीत. म्हणून टोक अरुंद पण खोल ठेवायचं. माळावरचांनी २ सेंमी रुंद केलंय, हे पाट झालं. ११ मिमी पुरेल, जाडी आहे तशीच राहू द्या. फार अरुंद केलंत तर दोरी एका बाजूला घसरेल, म्हणून पोटावर दोरीसाठी उथळ खोबण काढा.

पश्चिमरंग
कामठ्याच्या दोरीचा फोटो टाका ना भाऊ. इकडच्या लोकांना दाखवायचाय, बांबूची दोरी म्हटलं की विश्वास बसत नाही त्यांचा.

तीरकामठा_नंदुरबार
गावी गेलो की टाकतो. आजोबांचा एक घरात टांगलेला आहे. धामणीच्या लाकडाचाही एक होता, तो काकाने लग्नात कुणाला तरी दिला.

बांबूवाला
धामण! संस्कृतात त्या झाडाला धनुर्वृक्षच म्हणतात. आमच्याकडे तिची लाकडं कुऱ्हाडीच्या दांड्याला जातात, जीव जळतो.

सातारी_कंदी
आमच्याकडे धामण म्हणजे साप. मी दोन मिनिटं विचार करत होतो की सापाचं धनुष्य कसं करतात.

माळावरचा
रविवार सत्कारणी लावला. सगळे आकडे ताईंच्या दुरुस्तीसह, २६ ग्रॅमच्या बाणाचे:

काही न बांधता १४७.
टोकांना १० ग्रॅम तार: १४३.
तीच तार हाताच्या मध्यावर: १४७, कधी १४६. दहा बाणांत मला फरक दाखवता येत नाही.

बायको म्हणाली धनुष्याला मंगळसूत्र का घातलंय.

अर्धवटराव
वहिनींना सदस्यत्व द्या आणि यांचं काढून घ्या.

बांबूवाला
ठीक. टोकाचं वजन बोलतं, मान्य.

माळावरचा
मग धीर करून कानस हाती घेतली. टोकांची रुंदी २० वरून ११ मिमी, लांबी तशीच. शिसव कानशीला दाद देत नाही, अडीच तास गेले. वजन अंदाजे ४५ वरून २५ ग्रॅमवर आलं. (चिकटवलेलं असल्याने थेट तोलता येत नाही, पडलेला भुसा तोलला. भुसा गोळा करण्याचं काम मुलीचं.)

२६ ग्रॅमचा बाण: १४७ चे १५६.
४५ ग्रॅमचा बाण: १२५ चे १३०.
ओढ तीच, ४० पौंड. मुंग्या बऱ्याच कमी. आवाजही बदलला, आधी धाडकन यायचा, आता टण्.

अपूर्णांक
वा! नवे आकडे त्याच समीकरणांत घातले. ऊर्जा ४९ जूल, म्हणजे जवळपास होती तेवढीच. व्हायलाच हवी, तुम्ही हातांना हात लावलेला नाही. आभासी वस्तुमान मात्र २४ वरून सुमारे १७ वर आलं.

दोन्ही टोकांचे मिळून ४० ग्रॅम काढलेत आणि बाणावरचं ओझं ७ ग्रॅमने उतरलं. टोकाचे सुमारे ६ ग्रॅम म्हणजे बाणाचा १ ग्रॅम. ढोबळच, मोजमाप फोनवरचं आहे. टोक बाणाइतकं पळत नाही म्हणून गुणोत्तर एकास एक नाही. आणि हलक्या बाणाला ९ फूट मिळाले, जड बाणाला ५.

बांबूवाला
माळावरचा, आता थांबू नका. टोकं २० ची १२ सेंमी करा. वजन आणखी कमी, वेग आणखी जास्त. मी आधी मोठ्या टोकांची वकिली करत होतो, आता पक्ष बदलला.

शेवटचा_बाक
पक्ष बदलायला एवढे पुरावे लागलेले महाराष्ट्रात प्रथमच पाहतोय.

सुतारपक्षी
कापू नका असं म्हणणार नाही, पण कापलंत तर ओढ पुन्हा मोजा. टोक आखूड झालं की तरफ आखूड होते, तेच धनुष्य जड लागेल. वेग वाढलेला दिसेल आणि तुम्ही टोकाला श्रेय द्याल, पण ते श्रेय तुमच्या खांद्याचं असेल.

माळावरचा
कापलं. आता काय सांगू.

१२ सेंमी केल्यावर पहिल्याच बाणाला १६१! घरात नाचलो. मग सुतारपक्षींचा प्रतिसाद आठवला आणि काटा लावला. ४४ पौंड. शेवटच्या दोन इंचांत तर भिंत ओढल्यासारखं वाटतं, आधी असं नव्हतं. मग हात दोन्हीकडून सारखे तासत परत ४० वर आणलं. यात तीन संध्याकाळी गेल्या.

४० पौंडांवर २६ ग्रॅमचा बाण १५५, ४५ ग्रॅमचा १२९. म्हणजे लांब-अरुंद टोकांपेक्षा एक फूट कमीच, आणि मोजणीतली चूकच तेवढी असेल. एवढा उपद्व्याप करून जिथे होतो तिथेच.

अपूर्णांक
जिथे होता तिथेच नाही, दुसऱ्या रस्त्याने तिथे पोचलात. आभासी वस्तुमान आणखी उतरलं असणार, पण लांब टोकामुळे जी जास्तीची ऊर्जा साठत होती तीही गेली. एका हाताने मिळवलं, दुसऱ्याने दिलं. शक्य असेल तर प्रत्येक २ इंचांवर ओढ मोजून आलेख काढा, त्याखालचं क्षेत्रफळ म्हणजे साठलेली ऊर्जा. कापायच्या आधीचा आलेख आहे का?

माळावरचा
नशिबाने आहे, मुलीने वहीत काढला होता. चौकोन मोजले. आधी साठत होती ५५ जूल, आता ५१.

अपूर्णांक
बघा, सापडले ४ जूल. आणि ५५ साठून बाण आणि टोकं मिळून ५० च्या आसपास वापरत होते. उरलेली बांबूत आणि गोंदात जिरली, ती कुठलंही टोक परत देणार नाही.

पश्चिमरंग
माझ्या मते या धाग्यातला सगळ्यात मोलाचा आकडा तो १६१ आहे. आमच्या क्लबात निम्मे लोक त्याच आकड्यावर थांबतात आणि आयुष्यभर 'टोक छाटल्याने १४ फूट मिळाले' म्हणून सांगत फिरतात. ओढ बदलली हे बघतच नाहीत.

एक सुचवतो. दोरी कशाची आहे? नायलॉन असेल तर ते आधी काढा. नायलॉन ताणतं, रबरासारखं. पॉलिएस्टरची, म्हणजे डॅक्रॉनची वळा. पण न ताणणाऱ्या आधुनिक धाग्यांकडे लगेच जाऊ नका. टोकं आता नाजूक आहेत, खाचेत दोरी लाकूड चिरत जाईल. आधी खाचेवर शिंगाची किंवा फायबरची चकती चिकटवा.

माळावरचा
नायलॉनच होतं, गोठ्यातलं. डॅक्रॉनची दोरी मागवून मुलीबरोबर वळली. १५५ चे १५९ झाले, न कापता, न तासता, दीडशे रुपयांत. आधी हे का नाही सांगितलंत कोणी?

सुतारपक्षी
तुम्ही टोक विचारलंत, आम्ही टोक सांगितलं.

निवांत_वाचक
मूळ प्रश्नाचं उत्तर मला कळलंय का ते तपासून बघा. लांब टोक ताकद साठवतं, जड टोक ती खातं. म्हणून लांब ठेवायचं पण हडकुळं. बाण जड असेल तर खाणं कमी जाणवतं. बरोबर?

सुतारपक्षी
बरोबर. कारकुनी सोडा, या इकडे.

बांबूवाला
मला अजून एक करून बघायचंय. माळावरचांच्या मापाचं दुसरं धनुष्य, टोकं २० सेंमी, ११ मिमी, पण शिसवीऐवजी बांबूचीच, पट्ट्या उभ्या चिकटवून. वजन आणखी उतरेल आणि लांबी शाबूत. पुढच्या महिन्यात आकडे टाकतो. फोन मधोमध ठेवूनच.

अर्धवटराव
आणि १४.४२ मीटरवरूनच.

माळावरचा
बांबूवाला, जरूर करा. मी आता या धनुष्याला हात लावणार नाही. मुलीने २६ ग्रॅमचे चार बाण शेजारच्या उसात घालवलेत, तोडणी होईपर्यंत सापडायचे नाहीत. फोटो टाकतोय.

सुतारपक्षी
सुरेख झालंय. खोबणही नीट आहे. फक्त फोटो मोठा करून बघा, वरचं टोक खालच्यापेक्षा रुंद दिसतंय. दोनतीन ग्रॅम तरी जड असेल. मुद्दाम ठेवलंय का?

माळावरचा
नाही हो. दिसलंच नव्हतं.

कानस कुठे ठेवली बघतो.